तोरा असावा कढईपुरता

हलकीफुलकी प्रेमकथा लिहायला बसलेल्या लेखकापुढचा पहिला प्रश्न म्हणजे नायकाला नोकरी कोणती द्यायची! एके काळी डॉक्टर, वैमानिक, चहाच्या मळ्याचा मालक अशी ठरलेली मंडळी त्यासाठी तयार असत. आता त्यांच्या रांगेत पांढरा कोट घातलेला शेफही येऊन उभा राहिला आहे. १९९३ मध्ये 'खाना खजाना' सुरू झाले, २०१० मध्ये 'मास्टरशेफ इंडिया' आले आणि सरसर कांदा चिरणारा पुरुष हा घराघरांत कौतुकाने पाहण्याचा विषय झाला.

पण कथेतला हा शेफ बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघालेला असतो. तो उंच असतो, हसत नाही, नायिकेच्या आवडीनिवडीवर काहीतरी बोचरे बोलतो, एखादी थाळी भिरकावतो आणि तिसऱ्या पानावर नायिका त्याच्या प्रेमात पडते. वाचणारी मात्र पडत नाही. ती मनात म्हणते, "असला तोंडाळ माणूस माझ्या दारातही नको बाई!" आणि पान उलटते.

मग गर्विष्ठ असूनही हवाहवासा वाटणारा शेफ कागदावर आणायचा कसा? आपल्या भाषेने याचे अर्धे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. मराठीत 'तोरा' आणि 'माज' असे दोन वेगळे शब्द आहेत. तोरा पाहून आपण गालातल्या गालात हसतो. माज पाहिला की कपाळाला आठी पडते. प्रेमकथेच्या नायकाला तोरा भरपूर द्यावा, माज मात्र चिमूटभरही नको. हे दोन्ही ओळखायचे कसे, ते पाहू.

डाळीसाठी पाचशे रुपये सोडणारा

अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनऊवर लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकात नवाब आसफउद्दौला यांच्या काळातली एक गोष्ट सांगितली आहे. नवाबाकडे एक स्वयंपाकी नोकरी मागायला आला. "काय काय करता येतं?" असे विचारल्यावर म्हणाला, फक्त उडदाची डाळ. पगार मागितला महिना पाचशे रुपये. शिवाय अटी घातल्या. डाळ हवी असेल तर एक दिवस आधी सांगायचे आणि तयार झाल्याची वर्दी दिली की लगेच जेवायला बसायचे. नवाबाने सगळे मान्य केले.

काही महिन्यांनी डाळीचा हुकूम सुटला. डाळ झाली, वर्दी गेली. नवाब गप्पांत रंगला होता. दुसऱ्यांदा वर्दी गेली, तिसऱ्यांदा गेली. नवाब उठेना. तेव्हा त्या स्वयंपाक्याने भांडे उचलले, डाळ एका वाळलेल्या झाडाच्या मुळाशी ओतली आणि तो निघून गेला. नवाबाने पुष्कळ शोध घेतला, पण तो सापडला नाही. काही दिवसांनी पाहतात तर ते वाळके झाड बहरून आले होते!

झाडाचा भाग सोडून देऊ. पण हा माणूस आपल्याला आवडतो की नाही? नवाबाचा अपमान केला म्हणून त्याचा राग येत नाही, उलट 'वा!' असेच तोंडातून निघते. कारण सरळ आहे. तो स्वतःसाठी मान मागत नव्हता, डाळीसाठी मागत होता. गरम डाळ निवली की तिची चव गेली, एवढेच त्याला कळत होते आणि त्यापुढे नवाबाची किंमत नव्हती. शिवाय त्या तोऱ्याची किंमत त्याने स्वतः मोजली. पाचशे रुपयांची नोकरी सोडली. यालाच तोरा म्हणतात. "मी कोण आहे, ओळखत नाहीस?" असे म्हणाला असता, तर तो माज ठरला असता.

तेव्हा लेखकाने पहिले काम करायचे ते हे की, आपला शेफ कोणत्या एका गोष्टीबद्दल हट्टी आहे, ते ठरवायचे. 'सगळ्याच बाबतीत तापट' हा स्वभाव नव्हे, तो आळशी लेखकाचा शॉर्टकट आहे. सकाळच्या भाताला रात्री हात लावू न देणारा, तयार गरम मसाल्याचे पाकीट दिसले की फेकून देणारा, मासळी बाजारात पहाटे स्वतः गेल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही असा. हट्ट एकच, पण तो पदार्थाच्या बाजूने असला पाहिजे.

भटारखान्याची घाई

शेफ चिडके का असतात, याचेही एक कारण आहे आणि ते कथेत आले तर पात्राला वजन येते. जॉर्ज ऑर्वेल यांनी तरुणपणी पॅरिसमधल्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासण्याचे काम केले होते. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' या पुस्तकात त्यांनी तिथला अनुभव लिहिला आहे. त्यांचे निरीक्षण असे की, हॉटेलातला स्वयंपाकी स्वतःला नोकर समजत नाही, कारागीर समजतो. जेवणाच्या वेळी सगळ्या ऑर्डरी एकदम येऊन आदळतात, कामाचा साठा आधी करून ठेवता येत नाही आणि सगळे वेळेवर देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. त्या जिवावरच तो इतरांवर खेकसतो.

लग्नाच्या आचाऱ्याला ऐन पंगतीच्या वेळी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पहिली पंगत उठत आली आहे, जिलेबीचा पाक घट्ट व्हायला लागला आहे आणि मुलीचे मामा विचारायला आले आहेत, "किती वेळ?" अशा वेळी आचाऱ्याच्या तोंडून जे निघते, ते कोणी मनावर घेत नाही. तेव्हा आपल्या शेफला रागावू द्या, पण दुपारी दीड वाजता, समोर बारा ऑर्डरी असताना. रात्री अकरा वाजता निवांत खुर्चीत बसून तो कोणाचा पाणउतारा करत असेल, तर वाचणारी त्याला माफ करणार नाही.

आणि हो, त्याचे कौशल्य दिसले पाहिजे! 'तो जगप्रसिद्ध शेफ होता' या वाक्याने कोणाची भूक चाळवत नाही. तेल तापल्याचे तो मोहरीच्या एका दाण्यावरून ओळखतो, आमटीचा थेंब पळीतून तळहातावर घेऊन चाखतो, कढईच्या आवाजावरून पाठमोरा सांगतो की पाणी आटले, आता गॅस बारीक कर. अशा दोन गोष्टी दाखवल्या की पुढचा त्याचा तोरा वाचणारी आपणहून मान्य करते.

एकदा तरी चूक सापडावी

आपल्याकडच्या चित्रपटांत या जातीचा सर्वांत ठसठशीत शेफ म्हणजे आर. बाल्की यांच्या 'चीनी कम'मधला बुद्धदेव गुप्ता. २००७ साली आलेल्या या चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी लंडनमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटचा चौसष्ट वर्षांचा मालक आणि शेफ रंगवला आहे. जिभेला धार, स्वतःच्या हाताबद्दल पराकोटीची खात्री. घरी आई आहे आणि ती मुलाला अजूनही मुलासारखीच बोलते. ती भूमिका झोहरा सेहगल यांची.

चौतीस वर्षांची नीना, म्हणजे तब्बू, तिथे हैदराबादी जाफरानी पुलाव मागवते आणि गोड झाला म्हणून परत पाठवते. साहेब तडक बाहेर येतात आणि तिला चार शब्द सुनावतात. नीना भांडत बसत नाही. ती स्वतः पुलाव करते आणि त्याच्यापर्यंत पोहोचवते. मग उलगडा होतो, भटारखान्यात मिठाऐवजी साखर पडली होती!

हा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. नायिकेने त्याला प्रेमाने जिंकले नाही, रडूनही जिंकले नाही. तिने त्याला त्याच्याच विषयात, त्याच्याच पदार्थाने खोटे पाडले. आणि तो खरोखर चूक होता. गर्विष्ठ माणूस जेव्हा स्वतःच्या हुकमी प्रांतात चुकतो आणि ते कबूल करतो, तेव्हा त्याच्याविषयी पहिल्यांदा माया वाटते. पुढे नीनाचे वडील, म्हणजे परेश रावल, या लग्नाविरुद्ध उपोषणाला बसतात. होणारा जावई त्यांच्याहूनही वयाने मोठा असतो. आयुष्यभर लोकांना खाऊ घालणाऱ्या माणसासमोर सासरा न जेवण्याचे हत्यार उपसतो, यातला विनोद वेगळा सांगावा लागत नाही. चांगला विनोद नेहमी पात्राच्या धंद्यातूनच निघतो.

यावरून नायिकेविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिला जिभेवर चव हवी, किंवा शेफच्या तोडीचे दुसरे काहीतरी हवे. नुसत्या टपोऱ्या डोळ्यांच्या आणि थरथरत्या ओठांच्या नायिकेपुढे गर्विष्ठ नायक उभा केला की ती प्रेमकथा राहत नाही, छळकथा होते.

गोडवा शब्दांतून नको

आता हवेहवासेपणाकडे वळू. तोऱ्यातल्या माणसाने गोड बोलायला सुरुवात केली की तो संपला! त्याचे प्रेम हातांतून दिसावे.

आधुनिक हॉटेलांच्या भटारखान्यांना शिस्त लावणारे फ्रेंच शेफ ओग्युस्त एस्कॉफिए १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात होते. ऑपेरा गायिका नेली मेल्बा यांच्या सन्मानार्थ त्यांनी पीच आणि व्हॅनिला आइस्क्रीमचा एक पदार्थ केला. बर्फात कोरलेल्या हंसावर ठेवून तो त्यांच्यापुढे आणला. पदार्थाचे नाव पडले 'पीच मेल्बा'. गायिकेच्या गाण्याची लांबलचक स्तुती करण्यापेक्षा हे किती सुंदर! शंभराहून अधिक वर्षे झाली, ते नाव अजून मेनूकार्डावर आहे.

२००१ च्या 'मोस्टली मार्था' या जर्मन चित्रपटात तर शेफ बाई आहे. हॅम्बुर्गच्या रेस्टॉरंटमधली ही मार्था तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या टेबलावर कच्च्या मांसाचा तुकडा आणून आपटायलाही कमी करत नाही. बहिणीच्या अपघाती मृत्यूनंतर आठ वर्षांची भाची तिच्याकडे राहायला येते आणि ती मुलगी जेवतच नाही. मार्थाचे सगळे कसब तिथे थिटे पडते. तिच्या हाताखाली आलेला इटालियन मारिओ मुलीला आग्रह करत नाही. तो तिच्या शेजारी बसून ताटलीतले स्पॅगेटी खातो आणि काहीतरी निमित्त करून ताटली तिच्या हाती सोपवतो. मुलगी खायला लागते. ते पाहताना मार्थाच्या मनात जे होते, तेच पाहणाऱ्याच्याही मनात होते. एकही गोड वाक्य न बोलता!

आणि चवीवरून माणूस ओळखण्याची गोष्ट तर आपल्या महाभारतातच आहे. नलराजा बाहुक नावाने, रूप पालटून ऋतुपर्णाच्या पदरी राहिला होता. हाच आपला पती, असा संशय आला, तेव्हा दमयंतीने दासीकरवी त्याने शिजवलेले अन्न मागवले. एक घास खाल्ला आणि तिला ओळख पटली. चेहरा बदलला, पण हाताची चव बदलली नव्हती. प्रेमकथेत याहून चांगली खूण कोणती असणार?

गर्विष्ठ शेफ पुरुषच हवा असेही नाही. सचिन कुंडलकर यांच्या २०१८ च्या 'गुलाबजाम' या मराठी चित्रपटात लंडनहून आलेला आदित्य पुण्यात डबे देणाऱ्या राधाकडे स्वयंपाक शिकायला जातो. सोनाली कुलकर्णी यांनी केलेली ही राधा त्याला मुळीच उभे करत नाही. तिच्या तुटक बोलण्यामागे काय आहे, हे हळूहळू कळते आणि तिचा कडूपणाही आपला वाटू लागतो.

माजाची हद्द

इथे थोडे गंभीर बोलायला हवे. खऱ्या भटारखान्यांत माजाला बरेच दिवस गुणवत्तेची सावली समजले गेले. मोठा शेफ म्हणजे आरडाओरडा करणारच, असे लोक मानत. कोपनहेगनच्या जगप्रसिद्ध 'नोमा'चे शेफ रेने रेझेपी यांनी २०१५ मध्ये लेख लिहून कबूल केले की, कारकिर्दीतला मोठा काळ आपण हाताखालच्या लोकांना धाकदपटशा करत होतो. म्हणजे त्या जगालाही आता ही गोष्ट सलू लागली आहे. मग आपण कथेत तिला गुलाबी कागदात का गुंडाळावे?

आणि भटारखान्यापर्यंत जायलाच कशाला हवे? पानावर बसून "आज आमटी पांचट झालीय" म्हणणारा आणि आयुष्यात कधी गॅस न पेटवलेला गृहस्थ आपल्या ओळखीचा आहेच. त्याच्या बोलण्याला कित्येक घरांत अजून दराऱ्याचा मान आहे. आपली वाचक मुलगी सोळा-सतरा वर्षांची असेल, तर तिने कथेतून काय घ्यावे? तोडून बोलणारा माणूस मनाने चांगला असतोच, हे? की कामावर प्रेम करणारा माणूस माणसांशीही नीट वागू शकतो, हे? कथा करमणुकीसाठी असते हे मान्य, पण कोणाचे काय आवडून घ्यायचे, हे मुली अशाच गोष्टींतून शिकतात.

म्हणून हद्द आखून घ्यावी. शेफने मालकाशी भांडावे, श्रीमंत गिऱ्हाइकाला सुनवावे, समीक्षकाला हुसकावे, नायिकेशी बरोबरीने खटके उडवावेत. पण भांडी घासणारा, पोऱ्या, नवखी शिकाऊ मुलगी, ज्यांना उलट बोलता येत नाही, त्यांच्यावर त्याचा हात किंवा जीभ पडली की तो नायक राहिला नाही.

एक नमुना

हे सगळे एका प्रसंगात कसे बसवता येईल, ते करून पाहू. समजा, आपली नायिका वृंदा बँकेत अधिकारी आहे. बदली होऊन ती इंदूरला आली आहे. पहिल्याच दुपारी ती एका लहानशा, पण नावाजलेल्या मराठी रेस्टॉरंटात जेवायला बसते. टेबलावर मीठ नाही. ती मागते. वेटर दचकून आत जातो आणि शेफ बाहेर येतो.

"काय हवंय?"

"मीठ."

"आम्ही टेबलावर मीठ ठेवत नाही, मॅडम. चाखल्याशिवाय इथून पान बाहेर जात नाही. इथं मीठ मी घालतो."

"मग घाला ना! आमटीत नाहीये."

आजूबाजूचे हात थांबतात. शेफ वाटी उचलून आत जातो, उभ्या उभ्या चाखतो. मोठ्या पातेल्याजवळचा पोऱ्या पांढरा पडतो. थोड्या वेळाने शेफ नवी वाटी घेऊन येतो आणि टेबलावर ठेवतो.

"मी विसरलो."

एवढेच बोलून तो जातो. बिल देताना वेटर हळूच सांगतो, "आज आमटी साहेबांनी केलीच नव्हती, मॅडम. नव्या पोराची पहिलीच होती."

दुसऱ्या दिवशी कर्जाची फाईल घेऊन तोच शेफ वृंदाच्या टेबलासमोर उभा!

"यात दोन वर्षांचे ताळेबंद नाहीत."

"ते लागतातच?"

"वाचल्याशिवाय इथून फाईल पुढे जात नाही. इथं सही मी करते."

पानभराच्या या प्रसंगात त्याचा तोरा आला, चूक आली, पोराची चूक स्वतःवर घेण्याचा मोठेपणा आला आणि नायिकेची बरोबरीही आली. तो देखणा आहे की नाही, हे अजून सांगितलेलेच नाही आणि त्यावाचून काही अडलेही नाही.

आता त्याचा तोरा उतरवायचा प्रसंग. गौरी जेवणाच्या दिवशी वृंदाची आई सांगलीहून आली आहे. शेफ मदतीला म्हणून स्वयंपाकघरात शिरतो आणि सवयीने कटाच्या आमटीत चमचा घालतो.

"अहो, नैवेद्य व्हायचाय अजून! ठेवा तो चमचा."

"पण चाखल्याशिवाय मीठ कसं कळणार?"

"चाळीस वर्षं कळतंय."

तो पानावर बसतो. कोशिंबीर, भाजी, आमटी, वरण, सगळ्यांत मीठ जिथल्या तिथे. नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करण्याचे हे कसब आपल्याकडच्या कित्येक बायकांनी आयुष्यभर बाळगले आणि त्याचा तोरा कधी मिरवला नाही. आपला शेफ काही बोलत नाही. दुसऱ्यांदा आमटी मागतो. यापुढे त्याला प्रेमपत्र लिहायची गरज नाही. आईने ओळखले, वृंदाने ओळखले आणि वाचणारीनेही ओळखले.

लिहिण्यापूर्वी

शेवटी एक साधी परीक्षा सांगते. कथा लिहायला घेण्यापूर्वी एक पान असे लिहून पाहा, ज्यात नायिका नाहीच. रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत, शटर अर्धे खाली आले आहे आणि शेफ दिवसभर भांडी घासणाऱ्या माणसाबरोबर उरलेले जेवण वाढून घेतो आहे. तो आधी कोणाच्या ताटात वाढतो? काय बोलतो? ताटे कोण उचलतो? हे पान कथेत छापायचे नाही, स्वतःजवळच ठेवायचे. त्या पानावरचा माणूस तुम्हाला आवडला, तर मग दिवसा त्याला हवा तेवढा तोरा मिरवू द्या. वाचणारी हसेल, चिडेल आणि पुढचे पान उलटेल. नाही आवडला, तर मात्र त्याला कितीही शेलाटा बांधा आणि निळे डोळे द्या, आमटी अळणीच राहील.